गॅलन नेमका किती लिटरचा धरायचा?

मासोळी:
नमस्कार मंडळी. घरात पहिल्यांदाच फिश टँक आणलाय. तळाला खडी पसरून ठेवलीय, पाणी शनिवारी भरणार आणि मासे रविवारी येणार. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध आणलं तर त्यावर लिहिलंय, दर १० गॅलनला १ टीस्पून. आता माझा टँक मोजलेला सेंटीमीटरमध्ये, ६० बाय ३० बाय ३६. गुणाकार केला, ६४,८०० घन सेंमी, म्हणजे ६४.८ लिटर, इथपर्यंत सगळं ठीक. पुढे लिटरचे गॅलन करायला गेले तर एक कॅल्क्युलेटर म्हणतो १७.१ आणि दुसरा म्हणतो १४.२५. तीनदा आकडे घालून बघितले, टायपिंगची चूक नाहीये. मुलगा म्हणतो आई सरासरी काढ आणि मोकळी हो. खरं कुठलं धरू?

गुणाकार:
सरासरी नको काढू देऊ त्याला :) दोन्ही आकडे बरोबर आहेत, गॅलनच दोन आहेत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश म्हणजे इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. तुझ्या पहिल्या कॅल्क्युलेटरने अमेरिकन धरला, दुसऱ्याने ब्रिटिश. दोघांत २० टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे दुर्लक्ष करावं इतका छोटा नाही.

रानवारा:
औषध कुठलं आहे? अमेरिकेतलं असेल तर ३.७८५ ने भाग, विषय संपला.

मासोळी:
बाटलीवर कंपनीचा पत्ता आहे तो वितरकाचा दिसतोय, बनवलंय कुठे ते पुसलं गेलंय. हीच तर पंचाईत आहे.

फावला_वेळ:
एवढं काय त्यात, गॅलन म्हणजे ४ लिटर धरायचा. मी वर्षानुवर्षं तसंच करतो, काही बिघडत नाही.

गुणाकार:
फावला_वेळ, तोंडी अंदाज सांगायला ४ चालेल, पण त्यात साडेपाच टक्क्यांहून जास्त चूक आधीच घेतली तुम्ही. एका गॅलनला २१५ मिली, १० गॅलनला दोन लिटरच्या वर. आणि ब्रिटिश गॅलन असेल तर चूक उलट्या बाजूला, तीही १२ टक्के. तुमचा ४ दोघांच्या मधे उभा आहे, कुणाचाच नाही.

फावला_वेळ:
हे मात्र पटलं. मासोळीताई, माझं ऐकू नका.

पडवीतला_बाक:
दोन गॅलन कसे झाले ते सांगतो, मला या गोष्टीचं फार वेड आहे. इंग्लंडात पूर्वी वाइनचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. राणी ॲनच्या काळात, १७०७ मध्ये, वाइनचा गॅलन कायद्याने २३१ घन इंचांचा ठरला. हा २३१ आकडा विचित्र वाटतो ना? ७ इंच व्यासाचं आणि ६ इंच उंचीचं गोल भांडं घ्या आणि पाय म्हणजे २२/७ धरून घनफळ काढा. साडेतीनचा वर्ग १२.२५, गुणिले ६ म्हणजे ७३.५, गुणिले २२/७, बरोब्बर २३१ येतात. अमेरिकेने स्वतंत्र झाल्यावरही हाच वाइनचा गॅलन ठेवला आणि १८३२ मध्ये तिथल्या अर्थखात्याने तो पक्का केला. इंग्लंडने मात्र त्याआधीच, १८२४ च्या कायद्याने, जुने सगळे गॅलन मोडीत काढून नवा आणला, ठरावीक तापमानाला १० पौंड पाणी मावेल तो इंपीरियल गॅलन. म्हणजे खरं बघायला गेलं तर अमेरिकेने नवीन काही केलं नाही, त्यांनी इंग्लंडचं जुनंच माप सांभाळून ठेवलं आणि इंग्लंड पुढे निघून गेलं.

चिमणचारा:
काय सुंदर माहिती काका! २२/७ वाला हिशेब आत्ता कागदावर करून बघितला, खरंच २३१ आले. मुलीला दाखवला.

दवाखाना_ड्यूटी:
गॅलन कुठला ते बाटलीच सांगेल. मासोळी, बाटलीत औषध किती आहे ते लिहिलंय का बघ, फ्लुइड औंस आणि मिली दोन्ही असतील तर इथे टाक.

मासोळी:
आहे. १६ फ्लुइड औंस, पुढे ४७३ मिली.

दवाखाना_ड्यूटी:
झालं काम. ४७३ ला १६ ने भाग, एक औंस २९.६ मिली येतो, तो अमेरिकन. ब्रिटिश फ्लुइड औंस २८.४ मिलीचा, तो असता तर १६ औंसांपुढे ४५५ मिली छापलं असतं. म्हणजे बाटली अमेरिकन मापाची, गॅलनही अमेरिकन. गंमत बघ, ब्रिटिश औंस लहान आहे पण त्यांचा गॅलन मोठा, कारण त्यांच्या गॅलनमध्ये १६० औंस आणि अमेरिकन गॅलनमध्ये १२८. पाइंटचंही तेच, तिकडे २० औंसांचा ५६८ मिली, इकडे १६ औंसांचा ४७३ मिली.

रानवारा:
वा! बाटलीकडूनच कबुलीजबाब घेतला.

गुणाकार:
दवाखाना_ड्यूटी यांची युक्ती फार उपयोगाची आहे, तिला जोडून अजून एक. लेबलवर दोन्ही मापं असली की गोल आकडा कुठला आहे ते बघायचं. १२ औंस आणि ३५५ मिली असेल तर माल औंसात भरलाय. ५०० मिली आणि १६.९ औंस असेल तर लिटरमध्ये भरलाय. मूळ माप नेहमी गोल असतं, दुसरं नंतर काढून छापलेलं असतं, म्हणून हिशेब कायम गोल आकड्यावरून सुरू करावा. रूपांतर केलेल्या आकड्याचं पुन्हा रूपांतर केलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं सांडतं.

ओव्हनवाली:
अवांतर होतंय पण राहवत नाही. केकच्या कृतीत कप लिहिलेला असतो तोही असाच छळतो. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा, त्यांच्याच पॅकेटवरच्या पोषणाच्या तक्त्यात मात्र तो २४० धरतात, आणि बाजारात मिळणारा मेट्रिक कप २५० चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २०! तिथल्या पुस्तकातला बेकिंग पावडरचा टेबलस्पून आपल्या १५ च्या चमच्याने मोजला तर पाव भाग कमीच पडणार ना. मी बरीच वर्षं आकडे बदलत बसायचे, मग लक्षात आलं की सगळं साहित्य एकाच कपाने मोजलं तर कप २३७ चा असो की २५० चा, प्रमाण तेच राहतं. फक्त अंडी कपात मोजत नाहीत आणि टिन तेवढाच असतो, तिथे तेवढं बघावं लागतं.

साखरपाणी:
ओव्हनवाली +१. आणि औंसाचं पण सांगा ना कुणीतरी, वजनाचा औंस आणि द्रवाचा औंस. मी एकदा ८ औंस मैदा कपाने मोजला आणि केक विटेसारखा झाला.

ओव्हनवाली:
८ औंस मैदा म्हणजे वजन, २२७ ग्रॅम. ८ फ्लुइड औंस म्हणजे एक कप, म्हणजे जागा. कपभर मैदा भरतो साधारण १२०–१३० ग्रॅम, म्हणजे तुमच्या केकमध्ये मैदा जवळजवळ निम्माच पडला, तो फुलणार कसा, आकार धरणार कसा. मधाचं याच्या उलट, एक कप मध म्हणजे ८ फ्लुइड औंस, पण वजन जवळजवळ १२ औंस. 'फ्लुइड' शब्द दिसला नाही आणि पदार्थ कोरडा असला की ते वजनच समजायचं आणि काटा काढायचा.

पडवीतला_बाक:
पाण्याच्या बाबतीत ब्रिटिश फ्लुइड औंसाचं वजन जवळपास बरोब्बर एक औंस भरतं, कारण तो गॅलनच मुळी पाण्याच्या वजनावरून ठरवला होता. अमेरिकन औंसभर पाणी मात्र चार टक्के जड भरतं.

दवाखाना_ड्यूटी:
चमच्यांचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगते. लहान मुलांचं पातळ औषध घरातल्या चमच्याने कधीही देऊ नका. टीस्पून म्हणजे मापाने ५ मिली, पण घरातल्या डब्यातले चमचे एकेक काढून मोजा, कुणात ३ मावतं तर कुणात ७. आमच्याकडे वॉर्डात आयांना मी बिनसुईची सिरिंज हातात देते आणि मिलीमध्येच आकडा लिहून देते, चमचा हा शब्दच वापरत नाही. टीस्पून आणि टेबलस्पून यांची अदलाबदल झाली तर डोस तिप्पट होतो हो, नावं एवढी सारखी आहेत. मासोळी, तू पण १० मिलीची सिरिंज आण, माशांचं औषध त्यानेच मोज.

मासोळी:
आणते ताई. आमच्याकडचे चमचे मोजून बघितले, एक साडेतीन आणि एक सहा मिली निघाला! दोन्हीला आम्ही 'चहाचा चमचा'च म्हणतो.

टॉपगिअर:
गाड्यांवाल्यांनी पण हे लक्षात ठेवा. परदेशी रिव्ह्यूमध्ये ४० मैल प्रति गॅलन वाचलं की तो रिव्ह्यू अमेरिकन की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकन ४० म्हणजे लिटरला १७ किमी, ब्रिटिश ४० म्हणजे लिटरला जेमतेम १४. एकच गाडी ब्रिटिश रिव्ह्यूमध्ये जास्त मायलेजची दिसते, ती त्यांच्या गॅलनमध्ये पेट्रोल जास्त मावतं म्हणून. अमेरिकन आकड्याला ०.४२५ ने गुणा, ब्रिटिशला ०.३५४ ने.

कोरी_वही:
मापांच्या गोंधळावरून विमानच आठवलं. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालेलं. इंधनाचा गेज बंद होता म्हणून टाकीत पट्टी घालून आधीचं इंधन लिटरमध्ये मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. आता लिटरचे किलो करायचे होते, तर एका लिटरला ०.८ किलोच्या जागी १.७७ ने गुणलं, जो आकडा पौंडांचा होता. लागत होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकांनी ते तरंगत तरंगत गिमली गावच्या जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

गुणाकार:
कोरी_वही, प्रसंग खराच अंगावर येणारा आहे, पण तो लिटर-गॅलनचा घोळ नव्हता. ती आकारमानावरून वजन काढतानाची चूक, पौंड आणि किलोची. इथल्या विषयात तो बसत नाही असं मला वाटतं.

कोरी_वही:
असहमत. मुद्दा तोच आहे. आकड्याला एकक चिकटवलेलं नव्हतं. कागदावर नुसतं '१.७७' नसून '१.७७ पौंड प्रति लिटर' लिहिलेलं असतं तर पुढच्या माणसाच्या डोळ्यांना ते खटकलं असतं. मासोळीताईंच्या कॅल्क्युलेटरनेही नुसतं 'गॅलन' लिहिलं, कुठला ते लिहिलं नाही. दुखणं एकच आहे.

गुणाकार:
हं. असं बघितलं तर मान्य. एकक गाळणं ही दोन्हीकडची चूक.

वीटसिमेंट:
माझा स्वतःचा अनुभव सांगतो, हसू नका. परदेशातल्या एका कामावर असताना ड्रॉइंगमध्ये काँक्रीट १२ घन यार्ड लिहिलं होतं, पुरवठादाराला घनमीटर हवे होते. एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर हे पाठच, मी १२ ला त्यानेच गुणून जवळपास ११ घनमीटर मागवले. एकदाच गुणलं हो! लांबी, रुंदी, उंची तिन्ही बदलतात म्हणजे तीनदा गुणायला हवं, एक घन यार्ड ०.७६५ घनमीटर, लागत होते ९.२. जवळजवळ पावणेदोन-दोन घनमीटर काँक्रीट जास्त आलं, आणि ते काही परत नेत नाहीत, ड्रम फिरत राहतो आणि ते घट्ट होत राहतं. त्या दिवसापासून नवीन पोरांना आधी हेच शिकवतो, घन शब्द दिसला की तीनदा.

चिमणचारा:
हसलो नाही काका, वहीत लिहून घेतलं.

फावला_वेळ:
मला एक कळत नाही, लिटरसारखं सरळ माप असताना हा गॅलन-क्वार्ट-पाइंटचा संसार कुणी ठेवावाच कशाला?

अर्धपाव:
मी अमेरिकन मापांची बाजू घेतो, कुणी घेत नाहीये म्हणून. ती मापं निमपटीवर चालतात. गॅलनचे ४ क्वार्ट, क्वार्टचे २ पाइंट, पाइंटचे २ कप, कपाचे ८ औंस, औंसाचे २ टेबलस्पून. गॅलनपासून टेबलस्पूनपर्यंत नुसतं अर्धं-अर्धं करत खाली या, कॅल्क्युलेटर लागत नाही. भांड्यातलं पाणी डोळ्यांनी अर्धं करता येतं, दहावा भाग करून दाखवा बरं. फक्त शेवटच्या पायरीला घात होतो, टेबलस्पूनचे टीस्पून ३.

गुणाकार:
पण लिटरमध्ये लांबी-रुंदी-उंचीवरून थेट उत्तर येतं. सेंटीमीटर गुणले की मिली हातात, मासोळीने पहिल्याच ओळीत केलं तेच. फुटांमध्ये मोजलेला टँक असता तर घनफुटाला ७.४८ ने गुणावं लागलं असतं, तो आकडा पाठ करण्यावाचून इलाज नाही.

अर्धपाव:
तेही खरंच. मोजायला लिटर चांगलं आणि वाटायला गॅलन चांगला, असं म्हणतो मी.

पडवीतला_बाक:
लिटरही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही बरं का. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या एक किलो पाण्याची जागा अशी होती, आणि ती भरायची १००० घन सेंमीपेक्षा किंचित जास्त, १०००.०२८. शेवटी १९६४ मध्ये ते रद्द करून लिटर म्हणजे बरोबर एक घन डेसिमीटर असं ठरलं. आणि इंच १९५९ पासून बरोबर २.५४ सेंमी धरतात, म्हणून अमेरिकन गॅलनही आता नेमका ३.७८५४११७८४ लिटर, त्यात अंदाजाचा भाग नाही.

तक्तेवाला:
स्प्रेडशीटमध्ये कन्व्हर्ट नावाचं फंक्शन आहे, त्यात साधा गॅलन दिला की ते अमेरिकन धरतं, ब्रिटिश हवा तर पुढे यूके लावलेलं वेगळं नाव द्यावं लागतं. औंसालाही दोन नावं आहेत, द्रवाचं वेगळं, वजनाचं वेगळं. फाइल दुसऱ्या कुणाला देताना वरच्या ओळीत 'अमेरिकन गॅलन' असं पूर्ण लिहायची मी सवयच लावून घेतलीय.

काचेपलीकडे:
उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाकडे कुणी बघतंय का? मी पंधरा वर्षं मासे पाळतोय. मासोळीताई, तुमचे ६४.८ लिटर बाहेरून मोजलेल्या पेटीचे आहेत, पाण्याचे नाहीत. काच ५ मिमी जाडीची असेल तर आतून ५९ बाय २९ राहतं. पाणी काठापर्यंत कुणी भरत नाही, तळापासून ३२ सेंमी धरा. झाले ५४.८ लिटर. त्यात खडी, ५ सेंमीचा थर असेल तर ती स्वतः पाचेक लिटर जागा खाते, मधल्या फटींत पाणी शिरतं ते सोडून. राहिले ५० च्या आसपास. म्हणजे पाण्याचा अंदाजच जवळजवळ ३० टक्के जास्त निघाला, अमेरिकन-ब्रिटिशच्या फरकापेक्षाही मोठा. क्लोरीनच्या औषधाला थोडं इकडेतिकडे बहुधा सोसतं, पण उद्या तांब्याचं औषध घालायची वेळ आली तर हीच चूक महागात पडेल, कोळंबी आणि गोगलगाई तर लगेच जातात. टँक रिकामा आहे तोवर मापाने पाणी ओता आणि खरा आकडा कायमचा टँकच्या मागे लिहून ठेवा. ही संधी पुन्हा येत नाही.

गुणाकार:
इतका वेळ आम्ही भागाकारावर भांडत होतो आणि वरचा आकडाच चुकीचा होता. मी बघायला हवं होतं.

अर्धपाव:
आणि ताई, बाटली अमेरिकन आहे हे कळलंय तर गॅलनमध्ये जायचीच गरज नाही. एका अमेरिकन गॅलनमध्ये ७६८ टीस्पून, तर १० गॅलनला एक टीस्पून म्हणजे ७,६८० ला १. हे नुसतं प्रमाण आहे, त्याला एकक नाही. जेवढे मिली पाणी भरेल त्याला ७,६८० ने भागा, औषधाचे मिली मिळतील.

ओव्हनवाली:
माझ्या कपासारखंच झालं की हे!

मासोळी:
मंडळी, आज पाणी भरलं. २ लिटरचा जग घेतला, मुलगा कागदावर रेघा मारत बसला. २४ जग पूर्ण आणि पंचविसावा दीड लिटरपर्यंत, म्हणजे ४९.५ लिटर. काचेपलीकडे दादा, तुमचा ५० चा अंदाज कसला बसला!

काचेपलीकडे:
छान. जगाची रेघ तपासलीत का? काट्यावर ठेवून बघा, खोलीतल्या तापमानाला २ लिटर पाणी १,९९४ ग्रॅम भरायला हवं.

मासोळी:
आत्ता बघितलं, रेघेपर्यंत भरलं तर जगाचं वजन सोडून १,९७० ग्रॅम. म्हणजे माझा जग थोडा लहान आहे, १.९७६ लिटरचा. मुलानेच पुन्हा हिशेब केला, एकूण ४८.९ लिटर. भागिले ७,६८०, आले ६.४ मिली. पहिल्या दिवशी १७.१ गॅलन धरून घातलं असतं तर साडेआठ पडलं असतं. सिरिंजने ६.४ घातलं. टँकच्या मागे चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं, '४८.९ लिटर, प्रत्यक्ष ओतून मोजलेले, खडीसकट, पाणी ३२ सेंमीच्या खुणेपर्यंत'. एकक घालून, कोरी_वही :)

कोरी_वही:
:)

दवाखाना_ड्यूटी:
सिरिंज धुऊन वेगळ्या डब्यात ठेव, त्यावरही 'मासे' लिही. आणि रविवारी फोटो टाक.